बोट निवडण्याआधी तिचे मुख्य शीड

विकायला ठेवलेली शिडाची बोट पाहायला जाणारा माणूस सहसा आधी पायऱ्या उतरून केबिनमध्ये जातो. आम्हीही पहिल्या काही बोटी तशाच पाहिल्या. बिछान्यांची लांबी, बोट कललेली असताना ओट्यापाशी पाय रोवून उभे राहण्याची सोय, नकाशाचे टेबल, छतातल्या झडपांतून येणारा उजेड, या सगळ्यांत तास-दीड तास सहज जाई आणि पुन्हा डेकवर येईपर्यंत मन अर्धे ठरलेले असे. पंधरा-सोळा बोटी पाहून झाल्यावर हा क्रम उलटला आणि त्याला पत्नीचा एक प्रश्न कारण झाला. एका बोटीच्या डोलकाठीच्या बुडाशी उभी राहून ती बराच वेळ वर पाहत होती. मग म्हणाली, "मला न उठवता तुला हे शीड लहान करता येईल का? आणि तुला न उठवता मला?" त्या बोटीबाबत दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे होकारार्थी उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक बोट डोलकाठीच्या बुडापासून पाहू लागलो.

दोघांनीच लांबचा प्रवास करायचा म्हणजे समुद्रावरचा बहुतेक वेळ बोट एकट्यानेच चालवायची असते, कारण दुसऱ्याने त्या वेळी झोपणे आवश्यक असते. तीन-चार तासांच्या पाळ्यांमध्ये झोप मोडत गेली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसाच्या निर्णयांत चुका होऊ लागतात. वारा मात्र पाळ्या पाहून वाढत नाही. शिडावर पडणारा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वारा १० नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) १४ नॉटवर गेला तरी तो जवळपास दुप्पट होतो, आणि १५ वरून २५ वर गेला तर पावणेतीन पटींच्या वर जातो. १५ नॉटमध्ये आनंदाने चालणारी बोट २५ नॉटमध्ये तेवढेच शीड लावून चालवली, तर ती रेलिंग पाण्यात जाईपर्यंत कलते, सुकाणूवर न पेलणारा ताण येतो आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, आपोआप वाऱ्याकडे वळू लागते. पुढचे शीड आता बहुतेक बोटींवर पुढच्या तारेभोवती गुंडाळले जाते आणि कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूपाशी असलेल्या उघड्या बैठकीतून, एक दोरी ओढली, की ते हवे तेवढे लहान होते. अडचण उरते ती मुख्य शिडाची, म्हणजे मेनसेलची, कारण त्याची उभी कड डोलकाठीला आणि तळ डोलकाठीपासून निघणाऱ्या आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, जोडलेला असतो, आणि वारा पाठीमागून असताना ते बाजूच्या तारांवर दाबले जात असल्याने दोरी सैल सोडून त्यातला वारा काढूनही टाकता येत नाही.

बोटीच्या आकाराचा निर्णयही आम्ही याच बाजूने घेतला. लांबीच्या आकड्याचे आकर्षण मोठे असते, परंतु बोटीची सगळी मापे दुप्पट केली तर शिडाचे क्षेत्रफळ चौपट आणि वजन आठपट होते, आणि माणसाच्या दंडातले बळ तेवढेच राहते. आम्ही दोघे पन्नाशी ओलांडलेले आहोत. वेगवेगळ्या बोटींवर शिडे चढवून-उतरवून पाहिल्यावर असे लक्षात आले, की सुमारे ३५ चौरस मीटरपर्यंतचे मुख्य शीड आमच्यापैकी कोणालाही एकट्याने साध्या विंचवर, म्हणजे दोरी ओढण्याच्या हाताने फिरवायच्या रहाटावर, चढवता येते, वाऱ्यात आवरता येते आणि गरज पडली तर खाली ओढून बूमला बांधता येते. अशा शिडाच्या नुसत्या पॉलिएस्टर कापडाचे वजन १२ किलोच्या आसपास भरते, आणि शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, डोलकाठीवर सरकणारे तुकडे व कोपऱ्यांची जाड शिलाई धरली तर ते बरेच वाढते. या मर्यादेत बसणारी बोट साधारण ३६ ते ३९ फुटांची निघते. विजेच्या विंचवर भरवसा ठेवून याहून मोठी बोट घेणारे अनेक आहेत आणि त्यांचे चांगले चाललेले असते. आम्ही मात्र वीज गेल्यावर जी बोट चालवता येणार नाही ती घ्यायची नाही, असे ठरवले.

शिडे विभागून ठेवणे हा यावरचा जुना उपाय. दोन डोलकाठ्यांच्या केचवर मुख्य शीड लहान असते आणि वारा वाढला की ते पूर्ण उतरवून पुढचे व मागचे अशा दोन छोट्या शिडांवर बोट समतोल चालवता येते. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा प्रवासातच त्यांनी मागे एक छोटी डोलकाठी उभारून बोटीचे यॉल केले होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने ३१२ दिवसांत केलेली पहिली प्रदक्षिणा 'सुहेली' या ३२ फुटी केचवरची होती. मला केचविषयी मनापासून प्रेम आहे आणि त्यांपैकी एक आम्ही जवळजवळ घेतलीच होती. ती सोडण्याचे कारण एवढेच, की दोन डोलकाठ्यांच्या तारा, दोन बूम, दोन शिडे आणि त्यांच्या सगळ्या दोऱ्या तपासणे व बदलणे हे काम दोघांसाठी फार होते, आणि आमच्या मापाच्या बोटीवर विभागणी न करताही मुख्य शीड आटोक्यात राहत होते.

जंक पद्धतीच्या शिडाचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण लहान करण्याच्या सोयीत त्याला तोड नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडव्या पट्ट्या असलेले हे शीड वर धरणारी दोरी सैल केली, की एकेक घडी आपल्या वजनाने खाली बसते आणि काम संपते. 'ब्लॉन्डी' हॅसलर यांनी १९६० मधील एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या पहिल्या शर्यतीत 'जेस्टर' नावाची २५ फुटी बोट अशाच शिडावर नेली आणि ते ४८ दिवसांत दुसरे आले. अशी बोट मिळाली असती, तर आम्ही तिचा गंभीरपणे विचार केला असता. परंतु बाजारात अशा बोटी अगदी थोड्या असतात, आणि साध्या बोटीचे रूपांतर करायचे तर डोलकाठीपासूनच सुरुवात करावी लागते.

त्यामुळे आमच्यासमोर उरली ती नेहमीची त्रिकोणी शिडाची, एका डोलकाठीची बोट आणि तिचे मुख्य शीड लहान करण्याचे तीन मार्ग. पहिल्यात शीड डोलकाठीच्या आत उभे गुंडाळले जाते, दुसऱ्यात ते बूमच्या आत आडवे गुंडाळले जाते, आणि तिसऱ्यात ते ठरावीक उंचीपर्यंत खाली घेऊन तळाची घडी बूमवर बांधली जाते. या तिसऱ्या पद्धतीला स्लॅब रीफिंग म्हणतात आणि शीड असे एकेक टप्पा लहान करण्याला रीफ घेणे म्हणतात.

डोलकाठीच्या आत गुंडाळल्या जाणाऱ्या शिडाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंनी फार घाईने बोलले जाते. त्याच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम मुद्दा मला आमच्या परिचयाच्या एका जोडप्याने दाखवून दिला. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत आणि वर्षातले सहा महिने बोटीवर राहतात. कॉकपिटमधून न हलता, हवे तेवढेच शीड, अगदी वीतभरसुद्धा कमी करता येत असल्याने ते वारा वाढण्याची वाट पाहत नाहीत. ढग गडद दिसला, की शीड अर्ध्यावर येते. जे काम सोपे असते ते वेळेवर होते, आणि रीफच्या बाबतीत वेळेवर होणे फार महत्त्वाचे असते. त्यांच्याबरोबर पाच दिवस राहिल्यावर माझे मत बरेच नरमले.

दुसऱ्या बाजूला, एका मित्राच्या बोटीवरची एक रात्र मला विसरता येत नाही. त्या बोटीचे शीड जुने होते आणि बरीच वर्षे ताणले जाऊन त्याचे पोट सैल पडले होते. आदल्या दुपारी आम्ही ते गुंडाळले तेव्हा बूम जरा खाली ओढलेला राहिला होता आणि मागच्या कडेची दोरी पुरेशी ताणलेली नव्हती, त्यामुळे डोलकाठीच्या आतल्या गुंडाळीत सुरकुत्या बसल्या. रात्री शीड बाहेर ओढताना त्यातली एक जाड घडी फटीत अडकली. तेव्हा शीड साधारण दोन तृतीयांश बाहेर होते आणि वारा वाढत २८ नॉटपर्यंत गेला. ते पुढेही येईना आणि मागेही जाईना. येथे या रचनेचा मूळ स्वभाव लक्षात येतो: शीड आतल्या दांड्याभोवती गुंडाळलेले असल्यामुळे ते पूर्ण बाहेर आल्याशिवाय खालीही उतरवता येत नाही. एकाने डोलकाठीपाशी हाताने घडी मोकळी करत आणि दुसऱ्याने विंचवर बोटभर आत, बोटभर बाहेर असे करत ते सोडवायला आम्हाला पाऊण तास लागला. चूक आमच्या गुंडाळण्याची आणि शिडाच्या वयाची होती, यंत्रणेची नव्हती, हे मी तेव्हाही मान्य केले आणि आजही करतो. तरीही दुपारच्या निवांत वेळी केलेली चूक रात्रीच्या वाऱ्यात समोर यावी आणि तेव्हा ती सुधारायला दोन माणसे लागावीत, हे मला मान्य होत नाही. पत्नीच्या प्रश्नाला त्या रात्रीचे उत्तर स्पष्टपणे नाही असे होते.

अशी यंत्रणा असलेली बोट कोणी घेणार असेल, तर शीड नवे आणि सपाट बेतलेले असावे, बूमचा कोन डोलकाठीपाशी नेमका किती हवा ते शांत वाऱ्यात शोधून त्याच्या आधारदोरीवर खूण करून ठेवावी, आणि गुंडाळताना मागच्या कडेच्या दोरीवर थोडा ताण कायम राखावा, एवढे मी आवर्जून सांगेन. गुंडाळी आत ज्या दिशेने फिरते ती पाहून वारा कोणत्या बाजूने घेतल्यावर शीड फटीच्या कडेला कमी घासते, तेही तपासावे. या शिडांना आडव्या पट्ट्या बसत नाहीत, म्हणून मागची कड आत वळवून कापावी लागते आणि क्षेत्रफळ व आकार दोन्ही कमी होतात. उभ्या पट्ट्या बसवून त्यातले काही परत मिळवता येते, परंतु अडकू शकणारी आणखी एक वस्तू त्या अरुंद फटीतून जाऊ लागते.

आणखी एका गोष्टीचा संबंध थेट बोटीच्या निवडीशी आहे. गुंडाळीची डोलकाठी साध्या डोलकाठीपेक्षा जड असते, आणि शीड कितीही लहान केले तरी त्याचे सगळे वजन वरच राहते. स्लॅब पद्धतीत मात्र रीफ घेतल्यावर कापडाचा आणि पट्ट्यांचा भार बूमवर येऊन बसतो. १९७९ च्या ऑगस्टमध्ये फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी वादळात सापडल्या, १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला आणि २४ बोटी त्यांच्यावरील लोकांनी सोडून दिल्या. त्यानंतर बोट किती अंशांपर्यंत कलली तरी स्वतःहून सरळ होते, या प्रश्नाकडे फार काळजीने पाहिले जाऊ लागले. लांबच्या समुद्रासाठी हा कोन १२० अंशांच्या वर असावा, अशी अपेक्षा अनुभवी लोक धरतात. वरचे वजन वाढले की तो कमी होतो. हेही खरे आहे, की जड डोलकाठीमुळे बोटीचे डोलणे संथ होते आणि डोलकाठी गमावलेली बोट लाटेने अधिक झटकन उलटते, म्हणून हा हिशेब एकाच दिशेचा नाही. परंतु रुंद पिछाडीच्या, हलक्या, उथळ कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) बोटीवर अशी जड डोलकाठी, वर गुंडाळलेले पुढचे शीड आणि मागच्या कमानीवर सौरपट्ट्या असे सगळे एकत्र आले, की मी त्या बोटीचा स्थिरतेचा आलेख मागतो. युरोपात १९९८ पासून बंधनकारक झालेल्या वर्गवारीतला 'ए' वर्ग, म्हणजे बोफर्ट या वाऱ्याच्या मापनश्रेणीत ८ च्या वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरच्या लाटांसाठी आखलेला, पाटीवर लिहिलेला असला, तरी तो बोट कारखान्यातून निघाली तेव्हाच्या स्थितीचा असतो. नंतर वर चढवलेल्या वजनाची त्यात मोजदाद नसते.

बूममध्ये गुंडाळण्याची पद्धत तत्त्वतः मला अधिक पटते. तिच्यात आडव्या पट्ट्या राहतात, शिडाचा आकार चांगला मिळतो, वजन खाली येते, आणि काही बिघडले तरी शीड हाताने खाली ओढता येते. मात्र बूम आणि डोलकाठी यांच्यातला कोन काटकोनाच्या अगदी जवळ, अंशा-दोन अंशांच्या फरकाने राखावा लागतो, नाहीतर गुंडाळी पुढे किंवा मागे सरकत जाते. बूम मोठा, जड आणि महाग असतो. आम्ही ती पद्धत एकाच बोटीवर पाहिली आणि तिच्या मालकाने ती काळजीने वापरली होती. आमच्या मापाच्या बोटीसाठी एवढा नेमकेपणा पोसण्याची गरज आम्हाला वाटली नाही.

उरली ती घडी बांधण्याची पद्धत. जुन्या पिढीतल्या अनेक बोटींवर बूमच गोल फिरवून त्याभोवती शीड गुंडाळत असत. त्यात मागचे टोक खाली झुके आणि शिडाला पोट येई, म्हणून १९७० च्या दशकात लोक पुन्हा स्लॅबकडे वळले. तिची कृती अशी: मेनशीट, म्हणजे बूम आत-बाहेर करणारी दोरी, आणि बूमला खाली धरणारी दोरी सैल करायची, शीड वर धरणारी दोरी, म्हणजे हॅलयार्ड, आधी केलेल्या खुणेपर्यंत सोडायची, शिडाच्या पुढच्या कडेचे कडे बूमच्या मुळाशी असलेल्या आकड्यात अडकवायचे, हॅलयार्ड पुन्हा घट्ट करायचे, मग मागच्या कडेची रीफदोरी विंचवर ओढून ते टोक बूमवर आणून बसवायचे आणि मेनशीट पुन्हा आवळायचे. हा क्रम चुकवू नये. मागची दोरी आधी ओढली आणि हॅलयार्ड नंतर ताणले, तर रीफच्या कड्यापाशी कापड फाटू शकते. वाऱ्याच्या तोंडावर बोट पूर्ण वळवायचीही गरज नसते. वारा थोडा तिरपा पुढून घेऊन मेनशीट सैल केली, की पुढच्या शिडावर बोट चालत राहते आणि मेनसेल रिकामे होते. सराव झाल्यावर आम्हाला यासाठी दीड ते दोन मिनिटे लागतात.

या पद्धतीतही निवडीला भरपूर जागा आहे, आणि मला तर बोटीच्या जुन्या मालकाचा स्वभाव येथेच सर्वांत जास्त दिसतो. काही बोटींवर एकच दोरी पुढचे आणि मागचे अशी दोन्ही टोके ओढते आणि सगळे काम कॉकपिटमधून होते. ऐकायला हे उत्तम वाटते. प्रत्यक्षात ती दोरी फार लांब होते, अनेक पुल्यांमधून जाते आणि घर्षण इतके वाढते, की पुढचे टोक बसते तेव्हा मागचे अजून हातभर वर असते. तिसऱ्या रीफसाठी तर ती बहुधा पुरतच नाही. प्रत्येक टोकाला स्वतंत्र दोरी ठेवली, तर घर्षण कमी होते, मात्र दोऱ्यांची संख्या वाढते. आणि मग प्रश्न येतो तो या दोऱ्या कॉकपिटमध्ये आणायच्या की डोलकाठीपाशीच ठेवायच्या.

यावर आमचे एकमत व्हायला बराच काळ गेला. पत्नीचे म्हणणे होते, की लाटांमध्ये डेकवर पुढे जाणे हाच सर्वांत मोठा धोका आहे आणि तो टाळता येत असेल, तर घर्षणाची किंमत देणे योग्य आहे. माझे म्हणणे होते, की कॉकपिटमध्ये काही अडकले तर पुढे जावेच लागते, आणि तेव्हा आपण त्या जागेला सरावलेले नसतो. दोघांनाही मान्य असलेली गोष्ट अशी, की अर्धे येथे आणि अर्धे तेथे ही मांडणी सर्वांत वाईट. हॅलयार्ड कॉकपिटमध्ये आणि आकडा डोलकाठीपाशी असला, तर एकट्या माणसाला एका रीफसाठी दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. दोन्ही प्रकारच्या बोटींवर आम्ही आलटून पालटून एकट्याने रीफ घेऊन पाहिला आणि शेवटी सगळे डोलकाठीपाशी ठेवण्याचे ठरले. पत्नीच्या अटी तीन होत्या. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे स्टीलचे कठडे असावेत, म्हणजे पाठ टेकवून दोन्ही हात मोकळे राहतील. कॉकपिटमध्येच पट्टा अडकवून डोलकाठीपर्यंत न सोडता जाता येईल अशी आधारपट्टी डेकवर बांधलेली असावी. आणि विंच तिच्या खांद्याच्या उंचीखाली, दोरी स्वतः धरून ठेवणारा आणि गरजेपेक्षा एक माप मोठा असावा. तिन्ही अटी रास्त होत्या, आणि तिसरीचा फायदा मला रोज होतो.

तिच्या उंचीमुळे आणखी एक गोष्ट पुढे आली. नव्या बोटींवर कॉकपिटवर कापडी छत बसावे म्हणून बूम फार उंच ठेवलेला असतो. डोके वाचते हे चांगलेच. परंतु मग शीड उतरवल्यावर त्याचे वरचे टोक डोलकाठीपाशी तीन मीटर उंचीवर राहते आणि हॅलयार्ड जोडायला डोलकाठीवर चढावे लागते. आम्ही प्रत्येक बोटीवर तिला डोलकाठीपाशी उभे करून रीफच्या आकड्यापर्यंत हात पोहोचतो का ते पाहू लागलो. चांगल्या म्हणवणाऱ्या किती बोटी या एका परीक्षेत गळल्या, ते पाहून मला खरोखर आश्चर्य वाटले.

मेनशीट कोठे आहे, हेही पाहावे. ती केबिनच्या छतावर, बूमच्या मध्याला जोडलेली असली तर कॉकपिट मोकळे राहते, परंतु बूमच्या टोकाला जोडलेल्या दोरीपेक्षा तिच्यावर ताण बराच जास्त येतो आणि सुकाणूपासून ती हाताला लागत नाही. अचानक बूम एका बाजूकडून दुसरीकडे झेपावला, तर डोक्याला बसणारा फटका जिवावर बेततो. म्हणून बूमच्या टोकापासून नाळेपर्यंत जाऊन परत कॉकपिटमध्ये येणारी रोधक दोरी कायमची बसवलेली असावी. आम्ही पाहिलेल्या बोटींपैकी फक्त तिघींवर ती होती.

बाजूच्या तारा दूर धरणारे आडवे बाहू मागे झुकवलेल्या डोलकाठ्या आता सर्रास दिसतात. त्यांना मागच्या बाजूला जास्तीच्या तारा लागत नाहीत, परंतु पाठीमागच्या वाऱ्यात मेनसेल त्या बाहूंवर आणि तारांवर दाबले जाते, घासून झिजते आणि रीफ घेताना खाली येईना होते. बाहू सरळ बाजूला असलेल्या जुन्या पद्धतीच्या डोलकाठीवर हे बरेच कमी होते. आमच्या दृष्टीने हा जुन्या बोटींच्या बाजूचा ठोस मुद्दा ठरला.

अखेरीस दोन बोटी उरल्या. एक दहा वर्षांची, उजळ, ऐसपैस, गुंडाळीच्या डोलकाठीची आणि रुंद पिछाडीची होती. दुसरी तिच्या दुप्पटीहून जास्त वयाची, ३७ फुटांची, कटर, म्हणजे पुढे दोन शिडे असलेली. लांब फिन कील आणि सुकाणूपुढे आधाराचा स्केग, बाहू सरळ, बूम बेताच्या उंचीवर, आणि स्लॅब रीफिंगची. आत अंधार जरा जास्त आणि मागची केबिन तर नाहीच. वादळात आतल्या छोट्या शिडावर आणि खोल रीफ घेतलेल्या मेनसेलवर सगळा भार डोलकाठीच्या जवळ राहतो, हा कटरचा गुण आम्हाला आधीपासून हवा होता. आम्ही दुसरी घेतली.

तपासणीत जुन्या बोटीचे नेहमीचे दोष निघाले. डेकमध्ये झाकली गेलेली, डोलकाठीच्या तारा धरणारी स्टीलची पट्टी एका बाजूला गंजली होती. प्राणवायू न पोहोचणाऱ्या ओल्या फटीत स्टेनलेस स्टीलही असे खाल्ले जाते. तारा बारा वर्षांच्या होत्या म्हणून सगळ्या बदलल्या. कीलचे बोल्ट आणि त्यांच्याभोवतीचा सांगाडा यांवर मी तपासनिसाकडून पूर्ण दिवस घालवून घेतला, कारण २०१४ च्या मे महिन्यात अटलांटिकमध्ये 'चीकी रफीकी' या ४० फुटी बोटीची कील निखळून चार जण गेले, ती घटना माझ्या मनातून जात नाही.

नवे मेनसेल शिवायला टाकताना शीड बनवणाऱ्याशी दोन लांब बैठका झाल्या. कापड साधे विणलेले पॉलिएस्टर घेतले. थर चिकटवलेली कापडे आकार जास्त काळ धरतात, परंतु घड्या, ऊन आणि घासणे यांत त्यांचे आयुष्य कमी असते, आणि आम्हाला दूर कोठेतरी हाताने टाके घालता येणारे शीड हवे होते. चार पूर्ण लांबीच्या पट्ट्या घातल्या, म्हणजे शीड कमी फडफडते आणि उतरवताना बूमवरच्या कापडी पिशवीत नीट घडी होऊन बसते. या पट्ट्या डोलकाठीकडे जोराने रेटतात, म्हणून प्रत्येकीच्या टोकाला छर्ऱ्यांवर सरकणारा तुकडा आणि त्यासाठी डोलकाठीवर स्वतंत्र पट्टी बसवली. सगळ्या खर्चात हा भाग जड होता. परंतु पाठीमागून वारा असतानाही हॅलयार्ड सोडल्यावर शीड आपल्या वजनाने खाली येते, आणि पत्नीच्या प्रश्नाचे खरे उत्तर या तुकड्यांनीच दिले. पिशवीला वर धरणाऱ्या दोऱ्यांमध्ये शीड चढवताना पट्ट्यांची टोके अडकत असत. त्या दोऱ्या आता आधी पुढे ओढून डोलकाठीला बांधतो आणि शीड चढल्यावर मोकळ्या सोडतो.

रीफ तीन घातले. तिसरा मुद्दाम खोल घेतला आहे आणि तो घेतल्यावर मूळ क्षेत्रफळाच्या सुमारे ४० टक्केच शीड उरते. शीड बनवणाऱ्याने सुचवलेला उथळ तिसरा रीफ दुसऱ्याच्या इतका जवळ होता, की त्यासाठी वेगळी दोरी ओढण्यात अर्थ नव्हता. तिसऱ्याची दोरी आम्ही बंदरातून निघतानाच ओवून ठेवतो, कारण बूमच्या टोकावर लोंबकळून ती ओवण्याची वेळ भर वाऱ्यात यायला नको. हॅलयार्डवर पहिल्या रीफच्या जागी लाल, दुसऱ्याच्या जागी पिवळा आणि तिसऱ्याच्या जागी पांढरा दोरा शिवून घेतला होता. गेल्या आठवड्यात अंधारात लाल आणि पिवळा वेगळे ओळखू येईनात, म्हणून पत्नीने ते उसवून पहिल्या खुणेपाशी एक, दुसरीपाशी दोन आणि तिसरीपाशी तीन असे जाड टाके घातले. आता ते बोटांना लागतात.